नवे टायर पुढे

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोसमोर नाही, देवासमोरही नाही — देवाला माहीत असणार, पण मी होऊन कधी सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही माझे कोणी लागत नाही, बहुतेक म्हणूनच. ज्यांना सांगायला हवं होतं ते अनंतकाका गेले. गेल्या महिन्यात त्यांचं तेरावं झालं. पंगतीत वाढायला मीच होतो. वड्यांची परात घेऊन फिरत होतो, लोकांना आग्रह करत होतो, आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

अजूनही वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तुम्ही वाट बघत बसणार नाही.

माझं डिलाईल रोडला टायरचं दुकान आहे, चाळीच्या तळमजल्यावर. विक्री, अलाइनमेंट, बॅलन्सिंग. आत कॅलेंडरच्या वर एक पाटी लावलेली आहे — ‘दोनच टायर नवे घेतल्यास ते मागे बसवले जातील. वाद घालू नये.’ तरी लोक घालतातच. इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, मग नवे टायर मागे कशाला? मी समजावतो. नाहीच पटलं तर दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवतो. या हट्टापायी माझं नाव झालंय. दिगू तत्त्वाचा माणूस, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण चुकीचं करणार नाही, असं म्हणतात. मी ऐकून घेतो. पाटी कशी लागली, हे कोणी विचारत नाही.

अनंतकाका आमच्याच चाळीतले, दुसऱ्या मजल्यावरचे. माझे वडील आणि ते एकाच गिरणीत होते — वडील साच्यावर, काका फिटर. दोघंही कणकवलीकडचे. गिरणी बंद पडली तेव्हा वडील घरी बसले आणि बसूनच राहिले. काकांनी लालबागला एका पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्या दुरुस्त करायला घेतल्या. जुन्या म्हणजे खरोखर जुन्या, ज्यांचे पार्ट बाजारात मिळत नाहीत, हाताने घडवावे लागतात. अशा गाड्या पोसणारी मंडळी मुंबईत मोजकीच, आणि ती एकमेकांना सांगून काकांकडे यायची. कॉलेज सोडल्यावर मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. मग दुकान टाकलं, तेही त्यांच्या शब्दावर. जागेच्या मालकाला त्यांनी सांगितलं होतं, पोराचा हात साफ आहे.

काकांची एक पद्धत होती, ती सांगायलाच हवी. नट आवळला, त्यात पिन घातली, पिनेचे दोन पाय दुमडले, की नट आणि बोल्ट दोघांवरून मिळून एक बारीक लाल रेघ ओढायची. नेलपॉलिशची. त्यांची मुलगी शैला तेव्हा कॉलेजात होती आणि तिच्या बाटल्या सारख्या गायब व्हायच्या. रेघ सरळ आहे तोवर नट जागचा हललेला नाही. हलला तर रेघ तुटलेली दिसणार. माझ्यावर विश्वास ठेवू नका, रेघेवर ठेवा, असं ते गाडीमालकांना सांगायचे. मालक हसायचे. काका हसायचे नाहीत.

आता गाडीकडे येतो. गाडी राजाध्यक्ष वकिलांची. त्यांचं घर ठाकूरद्वारला, गाडी वडिलांच्या वेळची — विलायतेहून आलेली, दोनच सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. गर्द हिरवा रंग, तारांची चाकं. वकील साठी ओलांडलेले, पण त्या गाडीत बसले की मान ताठ व्हायची. खोटं कशाला बोलू, मलाही ती फार आवडायची. तिला हात लावायला मिळतोय याचा मला गर्व होता.

टायर मात्र संपले होते. जुने नायलॉनचे, कडक, भेगा पडलेले. वकिलांना नवे हवे होते आणि रुंद हवे होते. कुठल्याशा मासिकात त्यांनी तसा फोटो पाहिला होता. रुंद टायर म्हणजे घट्ट पकड, असं सगळ्यांनाच वाटतं. मी एक आठवडा त्या मापांवर घातला. तिची रिम चार इंचांची. अशा अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर त्याची बाजूची भिंत लचकते, वळणावर गाडी डुलते, चाक वळवलं की मडगार्डला आतून घासतं, आणि स्टेअरिंग जड होतं ते वेगळंच. मी सगळं कागदावर मांडलं. एकशे पासष्ट रुंदीचा, उंच भिंतीचा, पंधरा इंची रेडियल — त्याचा घेर जुन्या टायरशी जुळत होता, म्हणजे स्पीडोमीटरही खोटं दाखवणार नव्हता. चारही चाकांना हेच एक माप. वकिलांना मी तो कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी कोर्टात दाद द्यावी तशी मान हलवली. काकांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. आयुष्यात याहून चांगलं काम मी केलं असेन असं वाटत नाही. म्हणूनच लांबण लावतोय का? असेल.

काकांचं म्हणणं एवढंच होतं — ‘चारय येवंदेत, मगेच घाल. दोनच इले तर थांब. घालूचेच पडले तर मागे घाल.’

कारण मला माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. रेडियल रस्ता धरून ठेवतो, नायलॉन लवकर सोडतो. पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ पळते — माणूस ब्रेक मारतो, चार शिव्या देतो, घरी येतो. मागचं सुटलं तर गाडी गरकन फिरते आणि मग कोणाच्याच हातात काही राहत नाही.

दसरा जवळ आला होता. गावच्या देवळात दसऱ्याला काकांच्या घराण्याचा मान असतो, त्यामुळे ते दरवर्षी जायचे. निघायच्या दिवशी दुपारपर्यंत ते त्या गाडीच्या स्टेअरिंगचं काम करत होते. शेडमध्ये एकटेच होते. संपवलं, आणि तसेच काळ्या हातांनी माझ्या दुकानात आले. शेडची चावी दिली, नेलपॉलिशची बाटली शैलाला दे म्हणून टेबलावर ठेवली, आणि पिशवी उचलून धावत सुटले. गावची रेल्वेगाडी चुकेल अशी भीती होती. ती घाई लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी टायर आले. एकाच मापाचे चार मागवले होते, आले ते दोन बरोबर मापाचे, आणि दोन भलत्याच रुंदीचे. मी फोनवर बरीच आदळआपट केली. पंधरा दिवस थांबा म्हणाले. वकिलांनी तर दसऱ्याच्या पूजेला अर्ध्या वाडीला बोलावून ठेवलं होतं. ‘नव्या टायरांवर पूजा’ असंच ते सगळ्यांना सांगत होते.

थांबा म्हणता आलं असतं? आलं असतं. कागद वाचून दाखवणाऱ्या माणसाला टायर धड मागवता आले नाहीत, एवढंच त्यातून निघालं असतं. तेवढंही मला नको होतं.

मग दोनच बसवायचे ठरवल्यावर मागे का नाही बसवले? कारण पूजा पुढून होते. हार बॉनेटवर, स्वस्तिक पुढे, नारळ पुढे, लिंबं पुढच्या चाकांखाली. मागच्या चाकांकडे कोण बघतं? नवे टायर मागे घातले असते तर सगळी मंडळी त्या भेगाळलेल्या टायरांना हळदकुंकू लावत बसली असती आणि वकिलांनी माझ्याकडे वळून पाहिलं असतं. मी नवे पुढे बसवले. चुकून नाही. पाना हातात धरून, सगळं माहीत असताना. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणालो स्वतःला. वकिलांना सावकाश चालवा असंही सांगितलं नाही, कारण मग का ते सांगावं लागलं असतं.

पूजा छान झाली. मला शालजोडी नाही, पण पेढ्यांचा पुडा मिळाला.

चौथ्या दिवशी सकाळी वाळकेश्वरहून चौपाटीकडे उतरताना, वळणावर टँकरचं पाणी सांडलेलं होतं. मागची चाकं सुटली. गाडी जागच्या जागी फिरली आणि पुढचं डावं चाक कठड्यावर आदळलं. वकील एकटेच होते. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या कोणाला खरचटलंही नाही, त्यामुळे पोलिसांतलं प्रकरण जागच्या जागी मिटलं.

दुपारी मी इस्पितळात गेलो. वकील पडल्या पडल्या सांगत होते, की स्टेअरिंग एकदम हलकं झालं, हातात काही धरलेलंच नाही असं. मागचं सुटलं की असंच लागतं, हे मला माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, “अनंता घाईत होता ना रे त्या दिवशी?”

मी म्हणालो, “त्यांना गाडी पकडायची होती.”

वाक्य खरं होतं. तेवढंच बोललो. काकांवर आळ मी घेतला नाही, तो तिथे तयारच पडलेला होता. मी फक्त त्याच्यावरून पाय उचलून पलीकडे गेलो. असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते खरं नाही, कारण त्यानंतर मी शेडमध्ये गेलो.

गाडी ओढून तिथेच आणून ठेवली होती आणि चावी माझ्याकडे होती. मी टॉर्च घेऊन खाली शिरलो. डावीकडचा टाय रॉड — चाकाला वळवणारी ती दांडी — पार वाकली होती. पण तिच्या टोकाला नट होता. नटात पिन होती. पिनेचे दोन्ही पाय व्यवस्थित दुमडलेले. आणि वरून लाल रेघ, केसभरही न हललेली. मी तिच्यावर बोट फिरवलं. गुळगुळीत लागली. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

मग कामाला लागलो. पुढचे दोन्ही नवे टायर काढून मागच्या चाकांवर चढवले, मागचे जुने पुढे आणले. एका नव्या टायरला कठड्याचा ओरखडा होता, ती बाजू आत केली. वाकलेला रॉड दोन्ही टोकांनी सोडवून काढला. नट, पिन, रेघ — सगळं त्याच्याबरोबर. संध्याकाळी भंगारवाला रस्त्यावरून ओरडत गेला, त्याच्या गोणीत टाकला. तो म्हणाला, शेठ, लोखंड चांगलं आहे. मी हो म्हणालो. हात साबणाने दोनदा धुतले आणि दुकानात जाऊन एका टॅक्सीचं बॅलन्सिंग केलं.

काका दोन दिवसांनी आले. दादरला उतरून थेट शेडमध्ये, खांद्यावरच्या पिशवीसकट. गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या चाकांपाशी थांबले आणि म्हणाले, “मागे घातलंस. बरां केलंस.”

मला शाबासकी दिली त्यांनी.

मग खाली गेले. बराच वेळ खालीच होते. बाहेर आले तेव्हा कपाळाला ग्रीस लागलं होतं. रॉड कुठे आहे विचारलं. मी सांगितलं, चाकाकडून सुटून लोंबत होता, ओढून आणणाऱ्यांनी काढून तिथेच टाकून दिला असेल. ते माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

“पिन होती काय रे थंय?”

“दिसली नाही, काका.”

“आणि रेघ?”

मी नाही म्हणून मान हलवली. ते गाडीच्या पायरीवर बसले. त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही, कोणाला दोष दिला नाही, भंगारवाल्याकडे किंवा चौपाटीला शोधायला गेले नाहीत. माझा शब्द त्यांना पुरला.

दुसऱ्या दिवशी ते इस्पितळात गेले. मला बरोबर नेलं. वकिलांच्या पलंगाशी उभं राहून दोन्ही हात जोडले आणि माझ्या हातून पिन राहिली असणार, असं कबूल केलं. न केलेल्या चुकीचा कबुलीजबाब, तोही इतक्या सरळ शब्दांत. मी शेजारी शहाळं घेऊन उभा होतो. तेव्हा मात्र मला काहीतरी वाटलं. एकदाच. लाज वाटली, भीती वाटली, पळून जावंसं वाटलं. मग वकील म्हणाले, अनंता, वय झालं आता, जरा विश्रांती घे — आणि काकांनी मान डोलावली, आणि ते वाटणं थांबलं. त्यानंतर पुन्हा तसं काही झालेलं नाही.

वकिलांनी गाडी विकून टाकली. अगदी भला माणूस, कुठे वाईट बोलले नाहीत. पण अशा गाडीवाल्यांचं जग केवढंसं? वर्षाच्या आत काकांच्या शेडमधल्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. कोणी भांडलं नाही. कोणी मिठाई देऊनही गेलं. मग काकांनी शेड सोडली आणि ज्या गिरणीत फिटर होते तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या पार्किंगमध्ये पावत्या फाडायला बसले. भोवती सगळ्या गाड्याच गाड्या. एकदा कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, मालकाने विनवलं, तरी त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. वॉचमनने मला ते हसत हसत सांगितलं होतं.

घरात लाल रेघा दिसायला लागल्या त्याच सुमारास. आधी गॅसच्या रेग्युलेटरवर. मग नळावर, दाराच्या कडीच्या स्क्रूंवर, खिडकीच्या बिजागऱ्यांवर, पंख्याच्या हुकावर. बाहेर पडताना जिना उतरायचे आणि पुन्हा वर जायचे. गॅस बघून यायचे. पुन्हा उतरायचे, पुन्हा वर. शैलाचं लग्न होऊन ती माहीमला गेली होती. आली की म्हणायची, बाबांनी सगळ्या घराला कुंकू लावलंय. येताना त्यांच्यासाठी एक नवी बाटली घेऊन यायची. तिला ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. मी तिच्याबरोबर हसायचो.

पाटी मी तेव्हाच लावली. काकांनी ती वाचली आणि बरोबर आसा म्हणाले. दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचो. चहा, पेपर, गावच्या गोष्टी. लोकांना वाटायचं, शिष्य असावा तर असा. तुम्हाला वाटत असेल मी प्रायश्चित्त म्हणून जात होतो. तसं नव्हतं. न गेलो तर का गेलो नाही असं कोणी विचारेल, म्हणून जात होतो.

हे सगळं इथवर कदाचित समजून घेता येईल. पोरगा सव्वीस वर्षांचा होता, घाबरला, एकदा खोटं बोलला. मला जे सांगायचंय ते हे नाहीच. ते आत्ता आलं.

गेल्या वर्षी काका न्हाणीत पडले. शैलाने वॉकर आणून दिला, ॲल्युमिनियमचा, चार पायांचा. एका रविवारी मी गेलो तेव्हा ते खिडकीशी बसले होते. वॉकर समोर. शैला खाली भाजी आणायला गेली होती. पेपर वाचून झाला होता. आणि काही विषय नसताना ते म्हणाले, “दिगू, माका खरां सांग. पिन होती मा थंय?”

चौदा वर्षांनी. आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. औषधाची वेळ विचारावी तसं विचारलं.

आता मला कशाची भीती होती? वकील केव्हाच वारले होते. दुकान माझं, नाव माझं. पोलीस नाहीत, कोर्ट नाही. खोलीत आम्ही दोघंच. एक शब्द बोलायचा होता — होती. फार तर आणखी दोन — रेघही होती. म्हाताऱ्याचा हात त्याला परत मिळाला असता. तो एवढंच मागत होता, हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पण होती म्हटल्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं असतं. ते मला नको होतं. बाकी काही कारण नाही.

“दिसली नाही, काका.”

तेच शब्द, त्याच क्रमाने. या वेळी तर विचारही करावा लागला नाही.

त्यांनी मान डोलावली. त्यांना दुसरं काही अपेक्षितच नव्हतं बहुतेक. मग वॉकर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, जरा स्क्रू बघ. मी आवळलेत, पण माझ्या हाताचो काय भरवसो नाय.

मी गुडघ्यांवर बसलो. चार पायांना चार स्क्रू, प्रत्येकावर लाल रेघ. थोडी थरथरलेल्या हाताची, पण न तुटलेली. ड्रॉवरमधून त्यांचाच पाना काढून मी एकेक तपासला. घट्ट आहेत, म्हणालो.

ते म्हणाले, परत एकदा बघ.

मी परत एकदा बघितले.